आधी कुणी विचारायचं

कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला होता आणि हाराच्या खाली पडद्यावर अक्षरं उमटली होती : संपर्क नाही.

"हार जरा बाजूला करा," आप्पासाहेब मगदूम म्हणाले. "वारं लागत नसंल त्याला."

वारं! हा माणूस नांदेवाडीच्या सहकारी कोल्ड स्टोरेजचा चेअरमन होता. अख्ख्या पंचक्रोशीचा बेदाणा त्याच्या भरवशावर थंडीत पडलेला, आणि याला वाटत होतं की फुलांच्या हारानं कॉम्प्युटर गुदमरतो. मी हसले नाही. कोल्हापूरच्या ज्या कंपनीत मी नोकरीला होते, तिथं गिऱ्हाइकाला हसायची बंदी होती. मनातल्या मनात हसायला मात्र पगार कापत नसत, आणि त्या सवलतीचा मी पुरेपूर फायदा घेई.

काम तसं किरकोळ होतं. नदीच्या अलीकडे नांदेवाडी, पलीकडे सोनथळी. दोन्ही गावांत कोल्ड स्टोरेज. कुठं किती बेदाणा शिल्लक आहे हे व्यापाऱ्यांना एका जागी बसून कळावं म्हणून सहकारी संस्थांच्या महासंघानं दोन्हीकडं एकेक कॉम्प्युटर आणि एकेक मॉडेम दिला होता. टेलिफोनच्या तारेवरून ते एकमेकांशी बोलणार. आठवड्यापूर्वीच मी दोन्ही टोकं बसवून, बोलती करून गेले होते. आज दुपारी महासंघाचे साहेब उद्घाटनाला येणार होते, मांडव पडला होता, जिलेबी तळली जात होती, आणि मशीन मुकं झालं होतं.

"काय हाय ते बघा तुमी. साहेबांपुढं आमची शोभा नको," असं बजावून आप्पासाहेब जिलेबीची देखरेख करायला गेले. ते काम त्यांना झेपणारं होतं.

खोलीत मी आणि त्यांची सून पद्मजा उरलो. नांदेवाडीचं मशीन तीच चालवायची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली सून घरात असताना पगारी माणूस कशाला ठेवायचा, असा चेअरमनसाहेबांचा सहकार. पंचविशीची, अंगानं बारीक, डोक्यावरचा पदर सारखा सावरणारी मुलगी. सासरे जिना उतरल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत ती गप्प बसली, मग म्हणाली,

"बाई, हे चालू झालं की यातनं आकडे सोडून दुसरं काही लिहून पाठवता येतं का?"

"प्रत्येक नोंदीपुढं शेऱ्याची जागा आहे. तिथं काहीही लिहा. का?"

"सोनथळी माझं माहेर. तिथल्या मशीनवर माझा दादा बसतो, सन्मती." तिनं पदर सावरला. "आईला दिवाळीत अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. मी अजून बघितलेलं नाही तिला."

चैत्र चालू होता. सोनथळी म्हणजे पूल ओलांडला की आलंच.

"मग जा की!"

"मुऱ्हाळी यायला पाहिजे ना."

मुऱ्हाळी म्हणजे लेकीला सासरहून न्यायला आलेला माहेरचा माणूस. हे मला माहीत होतं, पण अजून कुणी त्यावाचून अडून बसत असेल असं वाटलं नव्हतं. पद्मजानं सांगितलं ते असं : तिचे वडील, भूपाल चौगुले, हे सोनथळीच्या कोल्ड स्टोरेजचे चेअरमन. दोन वर्षांपूर्वी नांदेवाडीत बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पूजेला मगदुमांनी आधी एका कंत्राटदाराला फेटा बांधला आणि मग व्याह्याला. चौगुले फेटा तिथंच सोडून, न जेवता उठून गेले. तेव्हापासून दोन्ही घरांत येणं-जाणं बंद, फोन बंद. सासऱ्यांना ती मामा म्हणायची, वडिलांना अण्णा.

"मामा म्हणतात, मी कुठं अडवलंय? न्यायला माणूस आला की पाठवतो. अण्णा म्हणतात, व्याह्यानं नुसता निरोप धाडू दे, तासाभरात माणूस पाठवतो. माझा निरोप त्यांना चालत नाही. तो मोठ्यांचा पाहिजे."

"आणि तुमचे यजमान?"

"मामांना विचारून सांगतो म्हणालेत."

"कधी म्हणाले?"

"दिवाळीत."

तिचा नवरा, अभिनंदन मगदूम, खाली मांडवात खुर्च्या सरळ करताना मी खिडकीतून पाहिला होता. एक खुर्ची सरळ करून तो वडिलांकडं बघायचा, मग दुसरीला हात घालायचा.

"एकट्या चालत जा," मी म्हटलं.

"गेले असते. पण निरोपाशिवाय तशी आगाऊ गेले तर अण्णा उंबरा ओलांडू देणार नाहीत. आईपर्यंत पोचूच देणार नाहीत. आणि इकडचं दारही बंद." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं नाही, मनगटानं पुसलं. "ती आता धड बोलत नाही म्हणे. दादानं बाजारात भेटलेल्या बाईकडनं कळवलं. मला एकदा तिच्या हाताला हात लावायचाय, बाई. बाकी काही नको."

मला या गोष्टीचा संताप आला. दया नंतर आली, आधी संतापच. पण साहेब यायची वेळ होत आली होती, म्हणून मी टेबलाखाली शिरले.

"तळापासून बघत येऊ," मी म्हटलं. "तुम्हीही बघा, पुढं उपयोगी पडेल. सगळ्यात खाली तार. तिला काही कळत नाही, ती नुसती वाहते. तार ठीक आहे. तिच्यावर मॉडेम. तो अक्षरांचा आवाज करतो आणि आवाजाची अक्षरं. तोही ठीक आहे. त्याच्यावर प्रोग्रामचा एक थर आहे, तो निरोपाचे तुकडे करतो, त्यांना नंबर घालतो, आणि एखादा तुकडा वाटेत हरवला तर पुन्हा मागून घेतो. आणि सगळ्यात वर तुमचा साठा, तुमचा शेरा."

"म्हणजे बेदाणा पिशवीत, पिशवी बॉक्समध्ये, बॉक्स गाडीत."

"बरोब्बर. आणि गाडीवाला बॉक्स फोडून बघत नाही. आत हिरवा बेदाणा आहे का काळा, त्याला घेणंदेणं नाही. प्रत्येक थर आपापलं काम करतो आणि पलीकडच्या आपल्या जोडीदाराशीच बोलतो. इकडची गाडी तिकडच्या गोदामाशी, इकडचा बॉक्स तिकडच्या बॉक्सशी."

"भांडत नाहीत?"

"ठरलेलं असतं सगळं. आधी एकानं विचारायचं, आहेस का? दुसऱ्यानं म्हणायचं, आहे, तुला ऐकू येतंय का? पहिल्यानं म्हणायचं, येतंय. मगच माल सोडायचा."

असं बोलत मी वरच्या थरापर्यंत पोचले आणि घोटाळा सापडला. मशीन बिघडलेलं नव्हतंच. मी जाताना नांदेवाडीनं फोन लावायचा आणि सोनथळीनं उचलायचा असं ठरवून गेले होते. आता नांदेवाडीच्या मशीनवर कुणीतरी 'फक्त उचलणे' करून ठेवलं होतं.

"हे कुणी केलं?"

पद्मजानं मान खाली घातली. "मामांनी करायला लावलं."

मी आप्पासाहेबांना वर बोलावलं. ते हाताला लागलेला पाक रुमालाला पुसत आले.

"आमच्या मशीननं त्यांच्या मशीनला फोन करायचा? का म्हणून?" ते म्हणाले. "आमी मुलाकडचे हाय, बाई."

"साहेब, हे मशीन आहे. त्याला मुलगा नाही, मुलगी नाही. कुणीतरी आधी विचारल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही."

"मग विचारू दे की त्यांनी! आमी न्हाई कुठं म्हणतोय? विचारलं की उत्तर देणार. आमचं मशीन काय उर्मट न्हाई."

बरं, म्हटलं. कुणी का लावेना, मला काय! ऑफिसच्या दुसऱ्या फोनवरून मी सोनथळीला सन्मतीला गाठलं आणि त्यांच्या मशीनला फोन लावायला सांगितलं. तिकडं थोडी कुजबुज झाली आणि रिसीव्हरवर भूपाल चौगुल्यांचा घोगरा आवाज आला.

"कोण, कोल्हापूरच्या बाई का? हे बघा, मुलीचा बाप म्हणून मी लग्नात सगळ्यांपुढं वाकलो. आता मशीनबी वाकवतासा व्हय? आमचं मशीन कुणाला आधी फोन करणार न्हाई. त्यांचा आला तर घेऊ. आमी माणुसकी सोडलेली न्हाई."

मी रिसीव्हर ठेवला. दोन जाणती माणसं! एकाला माणुसकी होती, दुसऱ्याचं मशीन उर्मट नव्हतं, आणि दोघं आपापल्या काठावर उत्तर तयार ठेवून प्रश्नाची वाट बघत बसले होते. असल्या अकलेला उद्घाटनाचा नारळच बरा, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते गिळून मी खुर्चीत बसले.

प्रोग्राम आमच्याच कंपनीचा होता, त्यातला बराचसा मीच लिहिलेला. पडद्यावर काय अक्षरं उमटायची ते माझ्या हातात होतं. मी नांदेवाडीच्या मशीनला पुन्हा फोन लावायला शिकवलं, मॉडेमचा चिरका आवाज बंद केला, आणि जोडणी झाली की पडद्यावर येणारी ओळ बदलून टाकली. नंबर इकडून फिरणार, पण इकडच्या पडद्यावर उमटणार : सोनथळीचा कॉल आला. सोनथळीच्या पडद्याला खोटं बोलायची गरजच नव्हती. टेलिफोनचं बिल नांदेवाडीला येणार होतं, पण ते वाचायची तसदी आप्पासाहेब कधी घेतील ही भीती मला नव्हती.

पद्मजा माझ्या खांद्यामागून हे सगळं बघत होती.

साहेब आले. नारळ फुटला. फीत कापली. मी कळ दाबली, सगळे पडद्याकडं डोळे लावून उभे राहिले, आणि ओळ उमटली.

"आला!" आप्पासाहेब ओरडले. "बघा साहेब, त्यांचाच आला! आमी आपलं गप बसलेलो."

दुसऱ्या फोनवर सन्मती होता. त्याच्यामागं त्याचे वडील कुणालातरी सांगत होते ते मला स्वच्छ ऐकू आलं : "केला की न्हाई शेवटी? म्हटलं हुतं मी."

बेदाण्याचे आकडे नदी ओलांडून येऊ लागले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मग सगळी मंडळी जिलेबीकडं वळली आणि खोलीत पुन्हा आम्ही दोघी राहिलो.

"बाई," पद्मजा म्हणाली, "हे माणसांना करता येतं का?"

"काय?"

"आत्ता केलंत ते. दोघांनाही वाटलं, दुसऱ्यानंच आधी केलं."

मी तिच्याकडं नीट पाहिलं. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि तो सावरायचं तिच्या ध्यानातही नव्हतं.

"तुमच्या सासऱ्यांकडचं मी बघते," मी म्हटलं. "माहेरचं तुम्ही."

तिनं कीबोर्ड ओढला आणि काळ्या बेदाण्याच्या नोंदीपुढं शेरा लिहिला : 'चेअरमनसाहेबांचा निरोप. मुऱ्हाळी पाठवून द्यावा. पाठवणी करतो.' लिहून झाल्यावर तिचं बोट कळीवर नुसतं टेकून राहिलं.

"कळलं तर?" ती म्हणाली.

"कळायला दोघांना एकमेकांशी बोलावं लागेल."

तिनं कळ दाबली.

मी मांडवात गेले. आप्पासाहेब साहेबांच्या शेजारी बसून मठ्ठा पीत होते. मी मुद्दाम साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आप्पासाहेब, सोनथळीहून मशीनवर निरोप आलाय. चौगुलेसाहेब विनंती करतायत, विहीणबाई आजारी आहेत, लेकीला न्यायला माणूस पाठवू का? आपली परवानगी असावी."

"विनंती?" आप्पासाहेबांनी पेला खाली ठेवला. "विनंती असंच लिवलंय?"

"विनंतीच."

साहेबांनी कौतुकानं मान डोलावली. एवढ्या मोठ्या माणसापुढं आप्पासाहेबांना मोठं मन दाखवणं भाग होतं, आणि ते त्यांनी दाखवलं. "पाठवू दे की! आमी काय वैरी हाय? आजारी माणसाचं हाय. अभिनंदन, जा, आत सांग, सूनबाईची पिशवी भराय सांग." अभिनंदन पळत गेला. बापानं सांगितलं की तो चांगला पळायचा.

जेवणावळ उठायच्या आत सोनथळीची जीप दारात उभी राहिली. सन्मती उतरला. बहिणीसारखाच बारीक, भांबावलेला. आप्पासाहेब पायरीवर उभे राहून मिशीवरून हात फिरवत होते.

"या, मुऱ्हाळी! बरं झालं. शेवटी तुमच्या वडलांना उपरती झाली म्हणायची!"

सन्मतीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आमच्या अण्णांना? अहो, पण निरोप तर..."

मी पुढं व्हायला निघाले. पण तोवर पद्मजा पायरी उतरून मधे आली होती. पिशवी तिनं भावाच्या छातीशीच नेऊन टेकवली. "दादा, धर. जड आहे," ती म्हणाली, आणि असं काही त्याच्याकडं बघितलं की पुढचं वाक्य त्यानं गिळलं. ती वाकून सासऱ्यांच्या पाया पडली. नवरा दाराआडून बघत होता. त्याच्याकडं तिनं एकदा पाहिलं, थोडं थांबली, आणि जीपमध्ये बसली. गाडी हलताना तिनं मला हात केला नाही. दोन्ही हातांनी पुढची दांडी घट्ट धरली होती.

या सगळ्याला आता वीस-पंचवीस वर्षं झाली. तेव्हा मला वाटलं, संपलं. लेक आईला भेटेल, चार दिवसांनी सासरी परतेल.

उन्हाळ्याच्या शेवटी वळवाच्या विजेनं सोनथळीचा मॉडेम जाळला आणि तो बदलायला मला जावं लागलं. मशीनसमोर सन्मती नव्हता, पद्मजा होती. डोक्यावर पदर नव्हता. शेजारी आरामखुर्चीत एक म्हातारी बाई बसली होती, उजवा हात मांडीवर पालथा, तोंड थोडं वाकडं. डाव्या हाताच्या मुठीत तिनं लेकीच्या साडीचं टोक धरलं होतं.

"आईला घरात करमत नाही," पद्मजा म्हणाली. "मग इथंच आणून बसवते."

"तुम्ही अजून इथंच?"

"मामा म्हणतात, त्यांनी नेलंय, त्यांनीच आणून सोडावं. अण्णा म्हणतात, त्यांनी न्यायला यावं, तशी पाठवणार नाही." तिनं हे अगदी सपाट आवाजात सांगितलं.

"आणि अभिनंदन?"

"पुलापर्यंत आले होते म्हणे मोटरसायकलवर. मामांनी माणूस पाठवून परत बोलावून घेतलं." ती आईच्या हातावरची माशी हाकलत राहिली. "त्या दिवशी रडले मी. खूप रडले. मग आईची आंघोळ राहिली होती, ती घातली."

मी मॉडेम जोडला. तारेपासून वरपर्यंत सगळे थर तपासले. मग न राहवून म्हटलं, "मागं केलं तसं करू का? दोन ओळींचं काम आहे."

"नको."

"नक्की?"

"दोघंही वाट बघतायत. बघू देत की."

मी मशीन चालू करून ठेवलं. थोड्या वेळानं नांदेवाडीचा कॉल आला. जोडणी झाली आणि नांदेवाडीचा दिवसभराचा साठा ओळीनं पडद्यावर येऊ लागला. हिरवा, पिवळा, काळा. काळ्याच्या नोंदीपुढं शेरा होता. तिकडं आता अभिनंदन बसत असावा, कारण शेऱ्यात लिहिलं होतं : 'पद्मा, तूच ये ना. मी घरात काही बोलू शकत नाही.'

आम्ही दोघींनी तो वाचला. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. आणि त्याहून जास्त तिला त्याची कीव येत होती, तेही दिसत होतं.

"एवढं लिहायला बोटं आहेत," ती हळूच म्हणाली. "पूल ओलांडायला पाय नाहीत."

तेवढ्यात भूपाल चौगुले दारात आले. धोतराचा सोगा हातात, आवाजात बेफिकिरी. पण नजर थेट पडद्यावर.

"झालं का बाई चालू? काय, नांदेवाडीकडनं आलं का काही?"

तोवर पद्मजाच्या बोटानं शेरा पुसलाही होता.

"साठा आलाय, अण्णा. नुसता साठा."

"येतील, येतील!" चौगुले खूश होऊन म्हणाले. "झक मारत येतील. आपण न्हाई आधी बोलायचं."

"नाही बोलत," पद्मजा म्हणाली, आणि आईची पेज आणायला उठली.